वाचलेले तीन तास कुणाचे?

बदलापूरला राहणाऱ्या माणसाला बांद्रा-कुर्ला संकुलातल्या ऑफिसात दहाला हजर व्हायचं असेल, तर आठ-सव्वाआठची गाडी चुकवून चालत नाही. कुर्ल्याला उतरायचं, पुलावरच्या गर्दीतून बाहेर पडायचं आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. संध्याकाळी हेच सगळं उलट्या दिशेने. पुण्यात अंतरं कमी आहेत, पण हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्याला विचारा. वाकडचा पूल, भूमकर चौक आणि शिवाजी चौक एवढं पार करता करता त्याचाही तेवढाच वेळ जातो, आणि पावसाची एक सर आली की त्यात आणखी भर पडते.

जाऊन-येऊन दिवसाचे ३ तास आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर ६६ तास होतात. आठ तासांची पाळी धरली, तर दर महिन्याला कामाचे आठ दिवस माणूस फक्त जाण्या-येण्यात घालवतो, आणि त्याचा पगार कुणी देत नाही.

घरून काम करण्याचे फायदे मोजायला बसलं की लोक पासचे पैसे, बाहेरचं जेवण, इस्त्रीचे कपडे अशी यादी करतात. ते फायदे खरेच आहेत. पण खरी कमाई हे ६६ तास आहेत आणि बाकीचे बहुतेक फायदे त्यांच्यातूनच येतात. अडचण एवढीच की या तासांवर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. ऑफिस म्हणतं, वाचलेला वेळ कामाला द्या. घर म्हणतं, घरीच आहात तर एवढं करा. उरलेला वेळ मोबाइल घेतो. म्हणून घरून काम सुरू करण्याआधी, किंवा सुरू असलं तरी आजच, एका कागदावर लिहून काढा की हे ३ तास तुम्हाला कशासाठी हवेत. एक तास झोप, अर्धा तास चालणं, मुलांचा अभ्यास, रियाझ, आईबरोबरचा चहा, काहीही असो. ज्या तासाला नाव दिलेलं नसतं तो पहिल्याच महिन्यात दुसऱ्याच्या नावावर जातो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

साहेबांना घरून कामाचा विषय पटवताना उपयोगी पडेल असा एक भक्कम दाखला आहे. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास-आरक्षणाच्या कंपनीने शांघायच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीस नऊ महिन्यांचा प्रयोग सुरू केला. त्याचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी काहींना आठवड्यातले चार दिवस घरी बसवलं आणि बाकीच्यांना ऑफिसात ठेवलं. घरच्या मंडळींचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातला मोठा वाटा कमी सुट्ट्या आणि कमी खंड यांचा होता. थोडा वाटा दर मिनिटाला जास्त फोन हाताळले गेल्याचा होता, कारण घरी शांतता होती. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

पण त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा दाखला पुरा होत नाही. काम तेवढंच चांगलं असूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा त्यांतले जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा सोसवत नव्हता. पुढे याच कंपनीने सोळाशेहून जास्त इंजिनिअर, मार्केटिंग आणि हिशेब विभागातल्या कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला, या वेळी आठवड्यातले फक्त दोन दिवस घरून. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि बढतीवर काही परिणाम दिसला नाही. म्हणून मला विचाराल तर शंभर टक्के घरून काम मागण्यापेक्षा आठवड्यातले दोन-तीन दिवस मागा. ते मिळण्याची शक्यता जास्त, आणि टिकण्याचीही.

त्या पहिल्या प्रयोगात भाग घेण्यासाठी एक अट होती: कामाला स्वतंत्र खोली हवी. आपल्याकडे घोडं तिथेच अडतं. वन बीएचकेमध्ये चार माणसं राहत असतील तर स्वतंत्र खोली कुठून आणायची? खोली नसेल तर निदान कोपरा कायमचा ठरवा. आज पलंगावर, उद्या जेवणाच्या टेबलावर, परवा गॅलरीत असं चालू राहिलं की ना कामात मन लागतं, ना घरच्यांना कळतं की हा माणूस कधी कामात आहे. कोपरा निवडताना पाठीशी भिंत येईल असं बघा, म्हणजे कॅमेऱ्यात मागून कुणी टॉवेल गुंडाळून जाणार नाही, आणि घरच्यांनाही धास्ती राहत नाही. खिडकी बाजूला असावी. ती पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो, आणि समोर असेल तर दुपारी डोळ्यांवर ऊन येतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी खुर्चीवर करा. टेबल जुनं चालेल, लॅपटॉप कंपनीचा असतो, पण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आठ तास बसून कंबर धरली की वाचलेले पैसे हाडांच्या डॉक्टरकडे जातात. लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांच्या थप्पीवर इतका उंच ठेवा की पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत येईल. मग टाइप करायला वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतो, तो जरूर घ्या. जेवणाचं टेबल टायपिंगसाठी बहुतेकांना थोडं उंच पडतं. त्यासाठी खुर्ची वर केली की पाय लोंबकळतात, तेव्हा पायाखाली लाकडी पाट ठेवावा. त्याहून चांगली वस्तू बाजारात शोधायची गरज नाही. डोळ्यांसाठी नियम सोपा आहे: दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी त्याला पुरते.

वीज आणि नेट यांचा बंदोबस्त केल्याशिवाय घरून कामाची बोलणी करूच नका. तिसऱ्यांदा तुमचा आवाज मध्येच तुटला की साहेबांचं मत कायमचं बनतं. महावितरणकडे तुमच्या वीजजोडणीला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर जोडून घ्या, म्हणजे वीज बंद ठेवणार असल्याचा संदेश आधी येतो. पुण्यात देखभालीच्या कामांचा वार गुरुवार हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी महत्त्वाची मीटिंग न ठेवणं, किंवा तो दिवसच ऑफिसात जायचा ठरवणं, हे शहाणपणाचं. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. राउटर वीज अगदी कमी खातो, त्यामुळे हा डबा काही तास सहज निभावतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचा आणि तेवढाच यूपीएस घ्या. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर इन्व्हर्टरशिवायही दोन-तीन तास निघतात.

नेट घेताना जाहिरातीत डाउनलोडचा वेग सांगतात. तुमचा चेहरा आणि आवाज मात्र अपलोडवर जातो, तेव्हा तो आकडा विचारा. लॅपटॉप राउटरजवळ असेल तर वायफायवर विसंबण्यापेक्षा सरळ केबल जोडा. आणि घरचं फायबर ज्या कंपनीचं आहे तिचंच सिम मोबाइलमध्ये असेल तर दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या, नाहीतर दोन्ही एकदमच जातात. मुलांना अभ्यासाला कंपनीचा लॅपटॉप देऊ नका. माहिती फुटली तर जबाबदारी तुमच्यावर येते, आणि पुष्कळ कंपन्यांच्या करारात तसं लिहिलेलंच असतं.

आता सगळ्यात नाजूक भाग. मराठी घरात घरून काम करणाऱ्याला, आणि त्यातही बाईला, दिवसातून दहा वेळा एक वाक्य ऐकू येतं: “घरीच आहेस ना!” घरीच आहेस ना, मग गॅसवाला आला तर बघ. घरीच आहेस ना, मग दळण तेवढं टाकून ये. घरीच आहेस ना, मग चार वाजता आत्या येतायत, पोहे टाक. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीत काम म्हणजे डबा घेऊन घराबाहेर पडणं. समोर बसलेली सून पडद्याकडे बघत काहीतरी बोलते आहे, याला काम म्हणायचं हे त्यांना कुणीतरी नीट, प्रेमाने आणि एकदाच सांगायला हवं. तेही तिने एकटीने नव्हे, नवऱ्याने सगळ्यांसमोर सांगावं.

आमच्याच सोसायटीतली एक जण विमा कंपनीच्या दाव्यांचं काम घरून करते. तिची पद्धत मला फार आवडली. रविवारी रात्री ती आठवड्याच्या कॉलच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिते आणि कागद फ्रिजवर चिकटवते. ‘सोम ११ ते १२, मंगळ ३ ते ४.३०’ असं. सासूबाई सकाळी चष्मा लावून तो वाचतात आणि कुकर त्याआधी लावून घेतात, मिक्सर नंतर. “आई, आज साडेतीनला पंधरा मिनिटं मोकळी आहे, तेव्हा चहा घेऊ,” असं ती सांगते आणि तेवढी वेळ पाळते. कुरिअर खालीच ठेवून घ्यायला तिने वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय. आणखी एक गोष्ट: सकाळी नवऱ्याचा डबा भरताना ती स्वतःचाही डबा भरते. सव्वा वाजता तो उघडते. घरी असूनही डबा, कारण दुपारी पोळ्या लाटायला उठलं की अर्धा तास जातो आणि लक्ष मोडतं. नवरा ज्या दिवशी घरून काम करतो त्या दिवशी दुपारची भांडी त्याची. हेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

एवढं ठरलं की मग फायदे दिसायला लागतात. वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर अर्ध्या दिवसाची रजा लागत नाही, तासभर आधी सांगून भागतं. मूल शाळेतून आल्यावर पहिली पाच मिनिटं जे भडाभडा बोलतं ते ऐकायला कुणीतरी घरात असतं. रात्री थकून आल्यावर “कसा गेला दिवस?” विचारलं तर त्याच मुलाकडून “चांगला” एवढंच उत्तर मिळतं. पण लहान बाळ सांभाळणं आणि नोकरीचं काम ही दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी करायची गोष्ट नाही. बाळाकडे बघायला आजी, सांभाळणाऱ्या ताई किंवा पाळणाघर यांपैकी काहीतरी हवंच. घरून काम मिळालं म्हणून पाळणाघर बंद करणाऱ्या आया तीन महिन्यांत राजीनाम्यापर्यंत पोहोचतात. बाळंतपणानंतर परतणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची केली, तेव्हाच रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम देता येईल, अशी तरतूदही आली. तो हक्क नाही, पण मागणीला आधार आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

पैशांचं थोडक्यात सांगते. लोकलचा सेकंड क्लासचा पास इतका स्वस्त आहे की तिथे फार वाचत नाही. गाडीने जाणाऱ्याचं मात्र वाचतं. रोज ५० किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर २२ दिवसांचं पेट्रोल ७० लिटरच्या वर जातं. खरी मोठी रक्कम भाड्याची. पूर्णवेळ घरून काम असेल तर ऑफिसजवळ महाग घरात राहायचं कारण उरत नाही. पण भाड्याचं घर सोडून गावच्या स्वतःच्या घरात गेलात, तर जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर मिळणारी सूट जाते, तेव्हा आधी हिशेब मांडा. विजेचं बिल वाढतं, एप्रिल-मेमध्ये चांगलंच. इंटरनेटचे पैसे कंपनी देते का, हे विचारायला लाजू नका. पुष्कळ कंपन्या देतात, फक्त मागणाऱ्यालाच.

गावाकडे जायचं स्वप्न अनेकांना पडतं. कोकणातल्या चाकरमान्यांना २०२० नंतर ते पहिल्यांदाच खरं होण्यासारखं वाटलं. वडिलांनी बांधलेलं जे घर वर्षातून गणपती आणि शिमग्यालाच उघडायचं, तिथे बसून मुंबईचा पगार मिळवायचा, म्हातारे आईवडील डोळ्यांसमोर. मला यात फार मोठं सुख दिसतं, आणि गावांसाठीही ते भलं आहे. पण हा निर्णय मे महिन्यात घेऊ नका. मेमध्ये गाव गोडच वाटतं. जुलैत आठ दिवस रजा न घेता तिथे राहा, तिथूनच काम करा आणि दिवसातून किती वेळा वीज गेली, टॉवर किती तास बंद होता, ते वहीत लिहा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. अशा वेळी उठून जाता येईल असं चिपळूण, महाड किंवा पुण्यातलं एखादं नातेवाइकांचं घर आधीच बोलून ठेवलेलं असावं.

आता ऑफिसच्या हक्काबद्दल. घरून काम करणाऱ्याचा दिवस सुरू होताना वेळेवर होतो, संपताना मात्र संपत नाही. अमेरिकेतल्या मंडळींबरोबर काम असेल तर घड्याळ नीट समजून घ्या. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं सरकतात आणि आपला कॉल तासभर इकडेतिकडे होतो. रात्रीचा कॉल टळत नसेल तर दुसऱ्या दिवशी उशिरा सुरुवात करण्याची परवानगी मागा, आणि ती कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल अशी टाका. इतर दिवशी काम संपलं की लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवा आणि चप्पल घालून खाली उतरा. रोजच्या प्रवासात नको असलं तरी दोन-चार जिने आणि दीड-दोन किलोमीटर चालणं व्हायचं, ते आता मुद्दाम करावं लागतं. वाचलेल्या ३ तासांतला पहिला अर्धा तास यालाच द्यावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

बढतीचं काय? डोळ्यांआड असलेल्या माणसाचं काम दिसत नाही, म्हणून ते दाखवावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांना पाच-सहा ओळींचा मेल लिहा: काय पूर्ण झालं, काय अडलंय, पुढच्या आठवड्यात काय हातात घेणार. यात बढाई काही नाही, वर्षअखेरीच्या मूल्यमापनात हेच मेल तुमची बाजू मांडतात. ऑफिसात जायचे दिवस टीममधल्या बाकीच्यांबरोबर जुळवून घ्या. रिकाम्या मजल्यावर जाऊन एकट्याने लॅपटॉप उघडायचा तर तीन तास फुकट घालवल्यासारखे होतात. आणि नुकतेच नोकरीला लागला असाल, तर पहिलं एक-दीड वर्ष जितकं जमेल तितकं ऑफिसात जा. अनुभवी माणूस चिडलेल्या ग्राहकाशी फोनवर कसा बोलतो, हे शेजारी बसूनच शिकता येतं.

ज्यांना आत्ता नोकरी नाही आणि जे घरबसल्या काम शोधताहेत, त्यांच्यासाठी एक सावधगिरी. हिशेब लिहिणं, जीएसटीची विवरणपत्रं भरणं, भाषांतर, ऑनलाइन शिकवणी, ग्राहकसेवा ही कामं खरोखर घरून होतात. कॉल सेंटरचं काम घरून करू देताना आड येणारे दूरसंचार विभागाचे नियम नोव्हेंबर २०२० मध्ये सैल झाले, त्यामुळे लहान शहरांतल्या मुला-मुलींनाही ती दारं उघडली. पण टेलिग्रामवर ‘व्हिडिओ लाइक करा, रोज पैसे मिळवा’ म्हणणारे, किंवा डेटा एंट्रीचं काम देण्याआधी नोंदणीसाठी अनामत मागणारे, हे फसवणारे असतात. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात टाकतात, विश्वास बसला की मोठी रक्कम भरायला लावतात. काम देणारा तुमच्याकडे पैसे मागत नसतो. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आता अर्जाचं. तोंडी ‘सर, घरून काम केलं तर चालेल का?’ असं विचारलं की तोंडीच ‘बघू’ मिळतं. एक पानाचं पत्र लिहा. कोणते दोन किंवा तीन दिवस घरून, कोणत्या वेळेत फोनवर नक्की मिळाल, वीज-नेटची पर्यायी सोय काय आहे, कोणती कामं घरून चांगली होतील आणि ती झाली की नाही हे कशावरून मोजायचं. मुदत तीन महिन्यांची मागा आणि आढावा घ्यायची तारीखही त्यातच लिहा. ठरावीक मुदतीची परवानगी देणं साहेबांना सोपं जातं. प्रवास किती त्रासाचा आहे हे एका ओळीच्या वर लिहू नका, तो त्यांनाही आहे. उत्तर तोंडी ‘हो’ आलं तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून दोन ओळींचा मेल पाठवा आणि मनुष्यबळ विभागाला त्यात ठेवा. साहेब बदलले की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबरच जाते.